एक शहर, एक तिकीट
शहरातील वाहतूक सेवांची जोडणी : एक अभ्यासपाठ
(इयत्ता आठवी ते बारावीसाठी. पालकांनी आणि विश्वस्तांनीही अवश्य वाचावा.)



शहरात बसगाड्या असणे वेगळे आणि शहराला बससेवा असणे वेगळे. गाड्या विकत घेता येतात, सेवा मात्र उभी करावी लागते. बस, रिक्षा, मॅजिक, मेट्रो, रेल्वे ही सगळी वाहने एखाद्या शहरात धावत असूनही तिथल्या माणसाला घरून कामावर जायला दोन तास लागू शकतात. दुसऱ्या एखाद्या शहरात केवळ बसच असतात, तरी माणूस वेळेवर पोहोचतो. हा फरक कशामुळे पडतो, हे आज पाहायचे आहे. या विषयाला वाहतुकीचे एकीकरण म्हणतात. आम्ही त्याला सोप्या भाषेत ‘जोडणी’ म्हणू.

हा विषय का घेतला?

आपली शाळा शहराच्या जुन्या भागात आहे. ती स्थापन झाली तेव्हा बहुतेक मराठी घरे पायी येण्याच्या अंतरावर होती. रामबाग, नारायणबाग, राजवाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या, एवढेच तेव्हाचे आपले जग. पुढे कुटुंबे वाढली, वाडे लहान पडले आणि लोक लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर आणि त्याहीपलीकडच्या नव्या वसाहतींत राहायला गेले. शाळा मात्र जागच्या जागी राहिली.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत काही पालक दाखला काढायला येतात. आम्ही कारण विचारतो. शाळेबद्दल तक्रार नसते, फीबद्दलही नसते. ‘सर, फार लांब पडतं. मुलीला दोन गाड्या बदलाव्या लागतात. संध्याकाळी उशीर झाला की घरचे काळजीत,’ असे उत्तर मिळते. म्हणजे मराठी शिकायचे की नाही, हा निर्णय कधी कधी बसच्या थांब्यावर होतो. म्हणून वाहतुकीची जोडणी हा विषय आपल्यासाठी केवळ सामान्य ज्ञानाचा उरत नाही.

जोडणी म्हणजे नेमके काय?

फुले पुष्कळ आहेत, पण दोरा नसेल तर हार होत नाही. शहरातील वाहने फुले समजा. त्यांना ओवणारे दोरे पाच आहेत.

पहिला दोरा जागेचा. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायला किती चालावे लागते? मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? डोक्यावर छप्पर आहे का? म्हातारा माणूस, गरोदर बाई, चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा तिथून जाऊ शकतो का?

दुसरा दोरा वेळेचा. पहिली गाडी पोहोचते तेव्हा दुसरी थोड्याच वेळात मिळते, की डोळ्यांदेखत निघून जाते?

तिसरा दोरा तिकिटाचा. गाडी बदलली की पुन्हा नव्याने किमान भाडे द्यावे लागते, की एकच तिकीट शेवटपर्यंत चालते?

चौथा दोरा माहितीचा. कोणती गाडी कुठे जाते, शेवटची फेरी किती वाजता आहे, हे थांब्यावर लिहिलेले असते का? की पानवाल्याला विचारावे लागते?

पाचवा दोरा कारभाराचा, आणि बाकीचे चार त्याच्यावर अवलंबून असतात. बस एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, परवाने तिसऱ्याचे, मेट्रो चौथ्याची आणि सिग्नल पाचव्याचा असेल, तर प्रवाशाचा पूर्ण प्रवास कोणाचीच जबाबदारी राहत नाही. सर्वांना एका टेबलाशी बसवणारी अधिकारयुक्त संस्था असावी लागते.

थोडे गणित करू या

जोडणीचा फायदा मोजता येतो. एक नियम लक्षात ठेवा. गाड्या ठरावीक अंतराने येत असतील आणि आपण वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलो, तर सरासरी वाट त्या अंतराच्या निम्मी पाहावी लागते. वीस मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी दहा मिनिटे.

समजा, एक विद्यार्थिनी दूरच्या वसाहतीतून शाळेत येते. घरून थांब्यापर्यंत ८ मिनिटे चालणे, १० मिनिटे वाट पाहणे, १८ मिनिटे पहिली गाडी, मग दुसऱ्या थांब्यापर्यंत ७ मिनिटे चालणे, पुन्हा १० मिनिटे वाट पाहणे, १२ मिनिटे दुसरी गाडी आणि शेवटी शाळेपर्यंत ५ मिनिटे चालणे. एकूण ७० मिनिटे. यांत गाडीत बसून झालेला प्रवास फक्त ३० मिनिटांचा. उरलेली ४० मिनिटे चालण्यात आणि ताटकळण्यात गेली.

आता जोडणी करू. पहिली गाडी वीसऐवजी दहा मिनिटांनी सोडली, म्हणजे वाट ५ मिनिटे. दुसऱ्या गाडीचा थांबा पहिल्याच्या शेजारी आणला, म्हणजे चालणे २ मिनिटे. दुसरी गाडी दर सहा मिनिटांनी, म्हणजे वाट ३ मिनिटे. बाकी सारे तसेच. बेरीज येते ५३ मिनिटे. एकही गाडी जास्त वेगाने पळवली नाही, तरी १७ मिनिटे वाचली. जाऊन-येऊन ३४ मिनिटे. वर्षात शाळेचे २२० दिवस धरले तर ७,४८० मिनिटे, म्हणजे सुमारे १२४ तास. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला, तर त्या मुलीला वर्षाचे वीस शाळा-दिवस परत मिळाले.

तिकिटाचेही असेच. समजा किमान भाडे १० रुपये आहे आणि त्यात पहिले काही किलोमीटर येतात. दोन गाड्या बदलणाऱ्याला हे किमान भाडे दोनदा द्यावे लागते. थेट गाडी मिळणाऱ्याला एकदाच. आणि गाड्या बदलाव्या कोणाला लागतात? जो शहराच्या कडेला, स्वस्त जागेत राहतो त्याला. म्हणजे तुटक व्यवस्थेत ज्याची ऐपत कमी, त्याचाच खर्च जास्त.

कुरितिबा : रस्त्यावर कागद अंथरणारे शहर

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात पाराना नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी कुरितिबा. २०१० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे साडेसतरा लाख होती. आपल्या इंदूरची २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर होती. म्हणजे दोन्ही शहरे साधारण एकाच मापाची. भुयारी रेल्वे बांधायला पैसा नाही, ही अडचणही आपल्या ओळखीची.

झाइमे लेर्नेर हे वास्तुविशारद १९७१ मध्ये तिथले महापौर झाले. पुढे आणखी दोनदा ते या पदावर आले. शहराचा विकास आराखडा १९६६ मध्येच तयार झाला होता. लेर्नेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कागदावरून रस्त्यावर आणला. १९७२ मध्ये त्यांनी शहरातील मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. दुकानदारांचा विरोध होता. काही मोटारमालकांनी जबरदस्तीने गाड्या घालण्याचे ठरवले. तेव्हा रस्त्यावर कागदाचे लांबच लांब पट्टे अंथरले गेले आणि शाळेची मुले त्यांवर चित्रे काढत बसली. मुलांच्या अंगावर गाडी कोण घालणार? मोटारवाले परत गेले आणि तो रस्ता पायी चालणाऱ्यांचाच राहिला. शहर बदलण्यात शाळकरी मुलांचाही वाटा असू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

१९७४ मध्ये कुरितिबात बससाठी राखीव मार्ग सुरू झाले. मोठ्या रस्त्याचा मधला पट्टा फक्त बसचा. परंतु त्यांची खरी हुशारी त्यानंतर दिसली.

त्यांनी घरबांधणीचे नियम बसच्या मार्गाशी जोडले. या मुख्य मार्गांच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती बांधायला परवानगी, मार्गापासून दूर गेलात की इमारतींची उंची कमी. त्यामुळे जास्त लोक जिथे राहतात तिथेच बस धावते आणि बस धावते तिथेच लोक राहायला येतात. आपल्याकडे बहुधा उलट घडते. वसाहत आधी उभी राहते, आणि बस कधी येणार म्हणून दहा वर्षे अर्ज चालतात.

त्यांनी बसना रंग दिले. मुख्य मार्गावरील जलद बस लाल, वसाहतींतून प्रवासी आणून मुख्य मार्गावर सोडणाऱ्या पूरक बस नारिंगी, मध्यभागात न शिरता एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत फिरणाऱ्या बस हिरव्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही कोणती बस कशासाठी आहे हे रंगावरून कळते.

१९८० मध्ये त्यांनी एकच भाडे लागू केले. जवळ जा की लांब, एका तिकिटात जोडस्थानकावर उतरून दुसरी बस घ्या, पुन्हा पैसे नाहीत. जवळचा प्रवास करणारा थोडे जास्त देतो आणि शहराच्या कडेला राहणारा गरीब माणूस थोडे कमी देतो. वरच्या गणितात जो अन्याय पाहिला, त्याची ही दुरुस्ती होती.

१९९१ मध्ये काचेच्या मोठ्या नळीसारखी स्थानके आली. प्रवासी नळीत शिरतानाच तिकीट घेतो. नळीची जमीन आणि बसची जमीन एकाच उंचीवर असते, म्हणून पायऱ्या चढणे नाही, दारात सुटे पैसे मोजणे नाही. बस थांबते, दारे उघडतात, फळी टेकते, माणसे चढतात-उतरतात आणि बस निघते. १९९२ पासून तीन डबे जोडल्यासारख्या लांबलचक बस आल्या. एका वेळी सुमारे २७० प्रवासी.

गाड्या खाजगी कंपन्यांच्याच आहेत. मार्ग, वेळा आणि भाडे मात्र सार्वजनिक संस्था ठरवते. गाडीने किती किलोमीटर सेवा दिली यावर मालकाला पैसे मिळतात, किती प्रवासी कोंबले यावर नाही. ही बाब फार महत्त्वाची आहे. तिचे कारण बोगोताच्या गोष्टीत कळेल.

बोगोता : पैशापैशाची लढाई

कोलंबिया देशाची राजधानी बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलेली आहे. सत्तर-ऐंशी लाखांच्या वस्तीचे हे शहर एके काळी हजारो लहानमोठ्या खाजगी बसनी भरलेले होते. चालकाचे उत्पन्न प्रवाशांच्या संख्येवर ठरे. मग काय होणार? प्रवासी दिसला की दोन बस शर्यत लावून त्याच्याकडे धावत. प्रवासी नसला की चालक चौकात रेंगाळून गाडी भरण्याची वाट पाहत. म्हणून कधी अर्धा तास बस नाही आणि मग तीन एकदम. तिथले लोक या प्रकाराला ‘गेरा देल सेंतावो’ म्हणत. अर्थ, पैशापैशाची लढाई.

हे चित्र आपल्याला नवे नाही. ‘एक सवारी, एक सवारी’ असे ओरडत चौराह्यावर आडवी उभी राहिलेली गाडी आपण रोज पाहतो. आपण त्या चालकाला बेशिस्त म्हणतो. पण बोगोताचा धडा असा, की दोष त्याच्या स्वभावात शोधू नये. ज्याच्या घरची चूल सवारी मोजून पेटते, तो सवारीसाठी भांडणारच. त्याला पैसे मिळण्याची पद्धत बदला, त्याचे वागणेही बदलेल.

एन्रिके पेन्यालोसा हे १९९८ ते २००० या काळात बोगोताचे महापौर होते. डिसेंबर २००० मध्ये त्यांच्या कारकिर्दीत ‘ट्रान्समिलेनिओ’ ही बससेवा सुरू झाली. कुरितिबाचा नमुना समोर होताच. राखीव मार्ग, उंच फलाटाची स्थानके, आधीच तिकीट आणि सुमारे १६० प्रवाशांच्या जोडबस. मार्गांच्या टोकांना मोठी जोडस्थानके बांधली. तिथे वसाहतींतून हिरव्या पूरक बस येतात. मूळ रचनेत या पूरक बसचे वेगळे भाडे नव्हते, ते मुख्य तिकिटातच धरलेले होते. भाड्याचा पैसा एका ठिकाणी जमा व्हायचा आणि तिथून प्रत्येक कंपनीला तिच्या गाड्यांनी कापलेल्या किलोमीटरप्रमाणे वाटला जायचा. जुन्या बसमालकांना नव्या कंपन्यांत भागीदार होण्याची संधी दिली गेली आणि नवी बस आणताना जुन्या बस मोडीत काढण्याची अट घातली गेली.

या गोष्टीचा उत्तरार्धही विद्यार्थ्यांनी वाचला पाहिजे. ट्रान्समिलेनिओ मुख्य रस्त्यांवर होती, बाकीच्या शहरात जुनी लढाई चालूच राहिली. साऱ्या शहराच्या बस एका व्यवस्थेत आणण्याचे काम २०१२ मध्ये सुरू झाले, म्हणजे बारा वर्षांनी. दरम्यान प्रवासी वाढले, मार्ग त्या प्रमाणात वाढले नाहीत. गर्दी असह्य झाली आणि मार्च २०१२ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून निषेध केला, काही स्थानकांची मोडतोडही झाली. चांगली सुरुवात झाली म्हणजे काम संपले असे नसते. डिसेंबर २०१८ मध्ये डोंगरउतारावरच्या सिउदाद बोलिवार या गरीब वस्तीपर्यंत रोपवे नेला आणि तो खालच्या बसस्थानकाला जोडला. जिथे बस चढू शकत नाही तिथेही दोरा पोहोचवता येतो, तो असा.

जकार्ता : छोट्या गाड्यांचे काय करायचे?

आपल्यासारख्या देशांत एक प्रश्न हमखास येतो. मोठ्या बस आल्या की रिक्षा, टेम्पो, मॅजिकवाल्यांनी कुठे जायचे? त्यांचेही संसार आहेत. आणि खरे सांगायचे तर अरुंद गल्ल्यांत त्यांच्याशिवाय कोणी जातही नाही.

इंडोनेशियातील जकार्ता शहराने जानेवारी २००४ मध्ये राखीव मार्गाची बस सुरू केली. परंतु गल्लीबोळांत धावणाऱ्या ‘अंगकोट’ नावाच्या छोट्या गाड्या बरीच वर्षे वेगळ्याच राहिल्या. २०१८ च्या सुमारास त्यांना मोठ्या व्यवस्थेत सामावून घेणे सुरू झाले. छोट्या गाडीच्या मालकाला किलोमीटरप्रमाणे पैसे, ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे आणि प्रवाशाच्या हातात तेच कार्ड. गाडी तीच, बहुधा चालकही तोच, फक्त सवारीमागे धावणे संपले. पुढे २०२२ पासून बस, मेट्रो आणि हलकी रेल्वे मिळून केलेल्या एका प्रवासाला १०,००० रुपियाची कमाल मर्यादा घातली गेली. कितीही गाड्या बदला, त्याहून जास्त लागणार नाही.

या व्यवस्थेचे नाव ‘जाक लिंग्को’. त्यातला लिंग्को हा शब्द त्याच देशातील फ्लोरेस बेटावरच्या मांगाराई लोकांचा. तिथली सामाईक भातशेती कोळ्याच्या जाळ्यासारखी असते. मध्यबिंदू एक, तिथून निघालेल्या रेषा आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एक पाकळी. त्या शेताला लिंग्को म्हणतात. शहराच्या वाहतुकीला याहून चांगले नाव शोधून सापडणार नाही.

आता आपल्या घरी येऊ

भारत सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्यावरून वाहने किती जातात यापेक्षा माणसे किती जातात हे पाहावे, असे त्याचे मुख्य सूत्र होते. २०१७ च्या मेट्रो धोरणात शहरासाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण असण्यावर भर दिला गेला. मार्च २०१९ मध्ये देशभर चालणारे एकच प्रवास-कार्ड जाहीर झाले. पुण्यात २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून एकच महामंडळ झाले. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप आले आणि लोकल, मेट्रो, बस अशा अनेक सेवांचे तिकीट एका ठिकाणी काढता येऊ लागले. दिशा बरोबर आहे. पण कागदावरचे प्राधिकरण आणि रस्त्यावरची जोडणी यांत अजून बरेच अंतर आहे.

इंदूरचा अनुभव आपल्या पालकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. एके काळी टेम्पो आणि नगर सेवा यांवरच शहर चालत होते. डिसेंबर २००५ मध्ये शहराची बस कंपनी स्थापन झाली आणि २००६ च्या आरंभी तिच्या बस धावू लागल्या. गाड्या खाजगी, मार्ग आणि भाडे कंपनीचे, ही रचना पाहायला इतर शहरांतून माणसे येत. मे २०१३ मध्ये आग्रा-मुंबई मार्गावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी सुमारे साडेअकरा किलोमीटरची राखीव बसमार्गिका सुरू झाली. विजय नगर, पलासिया, गीता भवन, भंवरकुआं ही तिची स्थानके आपल्या मुलांना पाठ होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही मार्गिका काढण्यास परवानगी दिली आणि ती हटवण्याचे काम सुरू झाले. बाजूच्या पट्ट्यांत वाहनांची कोंडी होते, हा मार्गिकेवरचा मुख्य आक्षेप होता. दुसरी बाजू अशी, की बसमधल्या प्रवाशाला तिच्यामुळे खात्रीचा वेग मिळत होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि निर्णय झालेला आहे. अशीच मार्गिका दिल्लीत २००८ मध्ये सुरू झाली होती, ती २०१६ मध्ये काढली. भोपाळमध्ये ती काढण्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. मग कुरितिबात ती पन्नास वर्षे कशी टिकली? आमच्या मते याचे उत्तर मार्गिकेच्या आत नाही, बाहेर आहे. तिथे मार्गिकेला घरबांधणीचे नियम, पूरक बस, एक तिकीट आणि जोडस्थानके चिकटलेली होती. लाखो लोकांचे रोजचे जगणे तिच्यावर उभे होते. एकटा दोरा तुटतो, विणलेले जाळे सहसा तुटत नाही.

३१ मे २०२५ रोजी इंदूरमध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटर, पाच स्थानके. तिथे वस्ती अजून विरळ आहे. मेट्रो पुढे शहराच्या पोटात येईल तेव्हा तिच्या यशाचे मोजमाप डब्यांच्या चकाकीवर होऊ नये. स्थानकातून बाहेर पडल्यावर दोन मिनिटांत बस किंवा ई-रिक्षा मिळते का, ती त्याच कार्डावर चालते का आणि रात्री आठ वाजता एकटी मुलगी तिथून निर्धास्त घरी जाऊ शकते का, यावर व्हावे.

शाळा काय करू शकते?

पालक सभेत शाळेने आणखी व्हॅन लावाव्यात अशी मागणी वारंवार होते. तिच्यामागची काळजी आम्ही जाणतो. लहान वर्गांसाठी व्हॅन हवीच. मोठ्या वर्गांसाठी मात्र विश्वस्त मंडळाने आणि पालकांनी दुसऱ्या वाटेचाही विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट, शाळेची वेळ. बसची फेरी आणि शाळेची घंटा यांत दहा मिनिटांचा मेळ घालणे आपल्या हातात आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. दुसरी गोष्ट, एका वसाहतीतील मुलांचे गट. मोठ्या वर्गातील ताई-दादांनी लहानांना सोबत घेऊन एकाच बसने यावे. दहा मुले एकत्र उभी असली की थांबा आपोआप सुरक्षित होतो. तिसरी गोष्ट, विद्यार्थी पासचे अर्ज शाळेतूनच एकत्र भरून पाठवावेत. चौथी गोष्ट, नकाशा. आपली मुले कुठून येतात, कुठे गाडी बदलतात, कुठे ताटकळतात, याचा खरा नकाशा हाती असेल तर नगर निगम आणि बस कंपनीकडे आपण तक्रार घेऊन न जाता माहिती घेऊन जाऊ. माहिती घेऊन जाणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

शाळा सुटताना फाटकासमोर काय होते, हेही पाहावे. समजा, चाळीस मुलांना घ्यायला चाळीस दुचाक्या आल्या. तीच चाळीस मुले एका बसमध्ये मावतात. चाळीस दुचाक्यांनी कोंडलेल्या रस्त्यात ती बस मात्र अडकून पडते. म्हणजे जो बसने जातो, त्याला उशीर करणारे आपणच. मग उशीर होतो म्हणून तोही दुचाकी घेतो. हे चक्र एखाद्या शाळेने तोडायला सुरुवात केली पाहिजे.

कुरितिबाच्या मुलांनी रस्त्यावर चित्रे काढली. आपल्या मुलांनी नकाशा काढावा. दूरच्या वसाहतीतली मुलगी वेळेवर शाळेत आणि दिवस मावळण्याआधी घरी पोहोचली, तर पुढच्या मे महिन्यात दाखला मागायला येणारा एक पालक कमी होईल. आम्हाला तेवढे पुरे आहे.

स्वाध्याय

१. जोडणीचे पाच दोरे कोणते? तुमच्या मते इंदूरमध्ये सर्वांत कच्चा दोरा कोणता? कारणासह आठ-दहा ओळी लिहा.

२. एक बस दर १५ मिनिटांनी आणि दुसरी दर ८ मिनिटांनी येते. दोन्ही बदलून जाणाऱ्याची सरासरी एकूण वाट किती? दोन्हींचे अंतर निम्मे केल्यास महिन्याच्या २५ दिवसांत, जाऊन-येऊन, किती मिनिटे वाचतील?

३. प्रवाशांच्या संख्येवर पैसे आणि किलोमीटरवर पैसे, या दोन पद्धतींत चालकाचे वागणे कसे बदलते? किलोमीटरच्या पद्धतीतही एखादा तोटा असू शकतो का? विचार करून लिहा.

४. ‘राखीव बसमार्गिका असावी की नसावी’ या विषयावर वर्गात वादविवाद घ्या. मोटारचालक, बसप्रवासी, दुकानदार, सायकलस्वार आणि रुग्णवाहिकेचा चालक अशा पाच भूमिका वाटून घ्या.

५. प्रकल्प (इयत्ता नववी आणि अकरावी) : सलग पाच दिवस घरापासून शाळेपर्यंतच्या आपल्या प्रवासाची नोंद ठेवा. चालणे, वाट पाहणे, गाडीतील वेळ आणि भाडे असे चार रकाने आखा. सर्वांच्या नोंदी एकत्र करून शाळेचा प्रवास-नकाशा तयार करा. जे पायी किंवा सायकलने येतात त्यांनीही नोंद ठेवावी.

६. आई-वडिलांबरोबर रेल्वे स्टेशनवरून सरवटे बसस्थानकापर्यंत पायी जा. सोबत एक जड पिशवी घ्या. वाटेत पदपथ कुठे तुटतो, पाटी कुठे दिसत नाही, रस्ता ओलांडायला किती थांबावे लागते, हे वहीत लिहा. हे बसस्थानक ज्यांच्या नावाने आहे ते विनायक सीताराम सरवटे कोण होते, हे आजी-आजोबांना विचारून त्याच वहीत पाच ओळी लिहा.

— प्राचार्य